न घडलेल्या गुन्ह्याची धरपकड

९ ऑगस्ट १९४२, रविवार. मलबार हिलवरच्या बिर्ला हाउसमध्ये भल्या पहाटे पोलीस दाखल झाले. त्यांच्याजवळ तीन नावांची वॉरंटे होती: गांधीजी, महादेवभाई देसाई आणि मीराबेन. कस्तुरबांचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते. गांधीजींबरोबर यायचे असेल तर त्यांनी यावे, नको असेल तर घरी राहावे, असे त्यांना सांगण्यात आले. बा मागे राहिल्या. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरलेली होती. ते नाहीत तर त्या सभेत मी बोलेन, असे बांनी जाहीर केले. संध्याकाळी त्या सभेला निघण्याच्या बेतात असताना पोलीस पुन्हा आले आणि त्यांना घेऊन गेले. आधी आर्थर रोडचा तुरुंग आणि दोन दिवसांनी पुण्याचा आगाखान महाल.

सकाळी ज्या बाईंना सरकारने घरी राहण्याची मुभा दिली, त्याच बाई रात्री तुरुंगात होत्या. मधल्या वेळात त्यांनी केले काय? भाषण केले म्हणावे, तर ते झालेच नव्हते. भाषण करण्याचे त्यांनी मनात आणले आणि तसे बोलून दाखवले, इतकेच. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच महालात, कैदेत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर कधी आरोपपत्र दाखल झाले नाही, खटला चालला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही.

गुन्हा घडण्याआधीच माणसाला उचलावे का, हा प्रश्न आपल्याकडे आजही दर आंदोलनाच्या आदल्या रात्री उभा राहतो. त्याचे उत्तर शोधायला १९४२ च्या त्या रविवारइतकी चांगली जागा दुसरी नाही. कारण त्या दिवशी हा प्रयोग सबंध देशाच्या पातळीवर, पूर्ण तयारीनिशी करण्यात आला, आणि त्याचा निकालही लगोलग लागला.

एका जुन्या रेग्युलेशनची गोष्ट

हे हत्यार १९४२ साली घडवलेले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये १८१८ साली तिसरे रेग्युलेशन केले आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी एखाद्याला खटल्याशिवाय डांबण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. मुंबई इलाख्यात तेच काम १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने केले. अशा कैद्याला 'राजबंदी' म्हणत. शब्द भारदस्त होता. अर्थ असा, की या माणसाविरुद्ध कोर्टात ठेवण्याजोगे सरकारजवळ काही नाही, किंवा असले तरी ते ठेवायचे नाही.

पुण्याने हे रेग्युलेशन १८९७ मध्ये अनुभवले. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून जो धुमाकूळ घातला, त्याविरुद्ध तक्रारी करणाऱ्यांत सरदार घराण्यातले बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू हे बंधू होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर या बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. पुढच्या महिन्यात नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. त्याच सुमारास टिळकांनाही अटक झाली. पण टिळकांवर राजद्रोहाचा खटला तरी चालला. त्यांच्यावर कोणता आरोप आहे हे जगाला कळले, ज्युरी बसली, वकील उभे राहिले आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना यांतले काहीच मिळाले नाही. आपण काय केले हे त्यांना कुणी सांगितले नाही, त्यामुळे आपण ते केलेले नाही हे सांगण्याची सोयही उरली नाही. थेट लंडनच्या पार्लमेंटात याबद्दल प्रश्न विचारले गेले, पण उत्तरांतून आरोप काही बाहेर आला नाही.

पुढे १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि सरदार अजितसिंग यांना बंगालच्या रेग्युलेशनखाली मंडालेला धाडण्यात आले. १० एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या डेप्युटी कमिशनरने डॉ. किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना आपल्या बंगल्यावर बोलावून घेतले आणि तिथूनच मोटारीत घालून परस्पर धरमशाळेला पाठवले. रौलट कायद्याविरुद्धची सभा-संपांची चळवळ तोवर शांत होती आणि हे दोघे तिचे पुढारी होते. पुढारी उचलले की शहर थंड होईल, हा हिशेब. त्यांना सोडा म्हणून मागणी करायला निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलाजवळ गोळीबार झाला. मग तोच जमाव शहरात परतला, बँका जळाल्या, पाच युरोपियन मारले गेले. तीन दिवसांनी जालियनवाला बाग घडली. शहर आवरू शकणारी दोन माणसे त्या वेळी धरमशाळेला होती.

१९३२ चा धडा

अमृतसरमधून इंग्रज सरकार काही शिकले नाही असे नाही. ते शिकले, पण दुसऱ्याच प्रसंगातून.

१९२२ मध्ये गांधीजींवर अहमदाबादेत खटला भरला, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून त्यांनी साम्राज्यावरच आरोपपत्र वाचले आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी शिक्षा देताना त्यांचा गौरव केला. असा खटला पुन्हा भरायचा नाही, एवढे सरकारने मनाशी ठरवले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. व्हाइसरॉय आयर्विन थांबून राहिले. दांडीला ६ एप्रिल रोजी मीठ उचलले गेले, देशभर कायदेभंग सुरू झाला आणि मगच, महिन्याभराने, ५ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडीच्या झोपडीत गांधीजींना अटक झाली. मिठाचा कायदा त्यांनी उघड उघड मोडला होता, तरी त्या कायद्याचे कलम लावले नाही. वापरले ते १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन. खटलाच नको होता.

आयर्विननंतर आलेल्या विलिंग्डनना एवढीही वाट पाहणे मान्य नव्हते. गोलमेज परिषदेहून गांधीजी २८ डिसेंबर १९३१ रोजी मुंबईत उतरले. त्यांनी भेट मागितली, व्हाइसरॉयनी नाकारली. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे त्यांना मणिभवनातून उचलून येरवड्याला नेले. रेग्युलेशन तेच. त्याच दिवशी एकामागून एक वटहुकूम निघाले आणि काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या. दोन वर्षांत चळवळ विझत गेली आणि १९३४ मध्ये ती मागे घेण्यात आली.

दिल्लीच्या गृहखात्याने यातून काढलेला निष्कर्ष स्पष्ट होता: आयर्विन थांबले म्हणून आग पसरली, विलिंग्डन थांबले नाहीत म्हणून ती दाबता आली. पुढच्या वेळी पहिल्याच घटकेला घाव घालायचा. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० मध्येच, 'क्रांतिकारी चळवळ वटहुकूम' नावाचा मसुदा तयार होऊन पडला होता. शिवाय आता १८२७ च्या रेग्युलेशनचीही गरज राहिली नव्हती. भारत संरक्षण नियमांतल्या सव्विसाव्या नियमाने सरकारला कुणालाही स्थानबद्ध करता येत होते आणि १२९ व्या नियमाने साध्या पोलीस अधिकाऱ्याला संशयावरून अटक करता येत होती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही नोंदवायला हवे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले होते. एप्रिलमध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. १४ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला आणि गांधीजी स्वतः उघड बंडाची भाषा करत होते. आंध्र प्रांतिक काँग्रेसच्या नावाचे एक परिपत्रक सरकारच्या हाती लागले होते, त्यात तारा तोडण्यासारखे कार्यक्रम होते. शत्रू दाराशी आलेला असताना रेल्वे बंद पडण्याची जोखीम कुठले सरकार घेईल, हा व्हाइसरॉय लिनलिथगोंचा युक्तिवाद होता. आजही प्रत्येक पूर्वअटकेमागचा युक्तिवाद याच वळणाचा असतो: धोका मोठा आहे, वेळ थोडा आहे, थांबणे परवडणार नाही.

गवालिया टँक ते बोरीबंदर

७ आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकच्या मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समिती भरली. अध्यक्ष मौलाना आझाद. ठराव नेहरूंनी मांडला, वल्लभभाईंनी अनुमोदन दिले. ८ तारखेच्या रात्री तो प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विरोधात तेरा मते पडली, ती कम्युनिस्टांची. 'क्विट इंडिया' हे दोन शब्द चळवळीला देणारे युसुफ मेहेरअली हे तेव्हा मुंबईचे महापौर होते.

त्या रात्रीच्या गांधीजींच्या भाषणातले 'करेंगे या मरेंगे' सगळ्यांना पाठ आहे. त्याच भाषणातले दुसरे वाक्य मात्र कुणाला आठवत नाही. लढा या क्षणी सुरू होत नाही, असे त्यांनी सभेला बजावले होते. तुम्ही मला फक्त अधिकार दिला आहे. आता मी आधी व्हाइसरॉयना भेटणार, काँग्रेसची मागणी त्यांच्यापुढे ठेवणार, त्यात दोन-तीन आठवडे जातील, तोवर तुम्ही चरखा चालवा आणि मनाने स्वतंत्र झाल्यासारखे वागा, अशा अर्थाचे ते बोलले. बिर्ला हाउसवर परतल्यावर, आजच्या भाषणानंतर सरकार मला पकडणार नाही, असे त्यांनी महादेवभाईंना म्हटल्याचे नमूद आहे.

दोन-तीन आठवडे म्हणणाऱ्या माणसाला सरकारने पुरता एक दिवससुद्धा दिला नाही. नेहरू त्या रात्री बहीण कृष्णा हाथीसिंग यांच्याकडे उतरले होते, मौलाना आझाद भुलाभाई देसाईंच्या घरी. पहाटेच्या अंधारात पोलिसांच्या गाड्या एकाच वेळी ठिकठिकाणी थांबल्या. गांधीजींना तयारीसाठी अर्धा तास मिळाला. त्यांनी बकरीचे दूध आणि फळांचा रस घेतला, प्रार्थना झाली, आणि गीता, आश्रम भजनावली, कुराण व धनुष्य-तकली घेऊन ते निघाले. उर्दू शिकण्याचे पहिले पुस्तकही त्यांनी बरोबर घेतले होते. बोरीबंदरला खास गाडी उभी होती. तिच्या डब्यांत चढताना रात्रीच्या सभेतली माणसे एकमेकांना पुन्हा भेटली.

गाडी चिंचवडला थांबवून गांधीजी आणि सोबतच्यांना उतरवले आणि मोटारीने आगाखान महालात नेले. कार्यकारिणीची मंडळी पुढे अहमदनगरला गेली. नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, शंकरराव देव असे बाराजण किल्ल्यात बंद झाले. त्यांना कुठे ठेवले आहे हे सरकारने बाहेर कळू दिले नाही. नेहरूंची ती कैद १५ जून १९४५ पर्यंत, म्हणजे हजारांहून अधिक दिवस चालली. आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या तेव्हा मौलाना याच किल्ल्यात होते. आगाखान महालात तर सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. पन्नाशीच्या त्या माणसावरही आरोप ठेवला गेलेला नव्हता.

पुढारी आत, देश बाहेर

९ ऑगस्टच्या सकाळी गवालिया टँकवर ध्वजवंदन ठरले होते. पुढारी उरले नव्हते म्हणून अरुणा असफअली पुढे झाल्या आणि त्यांनी झेंडा फडकवला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मुंबईत त्याच दिवशी गोळीबार झाला. ११ ऑगस्टला पाटण्यात सचिवालयावर झेंडा लावायला गेलेले सात विद्यार्थी गोळ्यांना बळी पडले. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटले आणि तिथे जमावाने पोलीस व सरकारी अधिकारी मारले. ९ सप्टेंबरला वडूजला कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पडले. दुसऱ्या दिवशी महाड. बिहार आणि संयुक्त प्रांताच्या पूर्व भागात रूळ उखडले गेले, तारा तुटल्या, शेकडो टपाल कचेऱ्या आणि स्टेशने उद्ध्वस्त झाली. ३१ ऑगस्टला लिनलिथगोंनी चर्चिलना कळवले की १८५७ नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे.

सरकारी आकड्यांप्रमाणेच १९४२ च्या अखेरपर्यंत साठ हजारांवर माणसे पकडली गेली, अठरा हजार खटल्याशिवाय स्थानबद्ध झाली आणि पोलीस व लष्कराच्या गोळीबारात ९४० जण मेले. हा आकडा कमी सांगितलेला आहे, असे तेव्हाही मानले जात होते.

जे टाळायचे म्हणून धरपकड केली तेच धरपकडीनंतर घडले. मग जबाबदार कोण? फेब्रुवारी १९४३ मध्ये सरकारने एक पुस्तिका काढली. दंगलींची जबाबदारी काँग्रेसची, असे तिच्या नावातच होते. तिचा कर्ता गृहखात्यातला अधिकारी रिचर्ड टॉटनहॅम. गांधीजींच्या 'हरिजन'मधल्या लेखांची वाक्ये काढून त्यांतून हिंसेचा कट दाखवण्याचा तिचा खटाटोप होता. त्याच महिन्यात गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचा उपवास केला आणि जुलैमध्ये मुद्देसूद लांबलचक उत्तर पाठवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: तुम्ही मला आणि माझ्या सहकाऱ्यांना चळवळ सुरू होण्याआधीच उचललेत. लोकांना आवरणारे कुणी मागे ठेवले नाहीत. लोकांचा संयम सुटला तो तुमच्या अटकसत्रामुळे. माझ्यावर आरोप असेल तर तो निःपक्ष न्यायासनापुढे सिद्ध करा.

तो आरोप कधीच न्यायासनापुढे गेला नाही, आणि जाऊनही उपयोग नव्हता. गांधीजींना ते दोन-तीन आठवडे मिळाले असते तर काय घडले असते, हे आता कुणीच सिद्ध करू शकत नाही. कदाचित व्हाइसरॉयची भेट निष्फळ ठरली असती आणि लढा पेटलाच असता. कदाचित चौरीचौऱ्यानंतर मागे घेतलेल्या चळवळीसारखा तो आवरताही आला असता. पूर्वअटकेची खरी खोच इथे आहे. पकडणारा नेहमी म्हणू शकतो, 'पकडले नसते तर याहून वाईट झाले असते.' पकडलेला कधीच दाखवू शकत नाही की झाले नसते. चोरी करून पकडलेल्या चोरालासुद्धा आपला बचाव मांडता येतो. न केलेल्या कृत्याचा बचाव कसा मांडायचा?

आणखी एक गोष्ट घडली, तिचा हिशेब गृहखात्याने धरलेलाच नव्हता. जुन्या, परिचित पुढाऱ्यांना काढल्यावर चळवळीचा ताबा नव्या, अनोळखी हातांत गेला. अच्युतराव पटवर्धन, लोहिया, अरुणा असफअली भूमिगत झाले. ९ नोव्हेंबर १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबागचा तुरुंग फोडून जयप्रकाश नारायण त्यांना मिळाले. उषा मेहतांचा गुप्त रेडिओ मुंबईतून जवळजवळ तीन महिने बोलत राहिला. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. ज्यांच्याशी बोलता आले असते ते अहमदनगरच्या किल्ल्यात फुलझाडे लावत होते, आणि बाहेर होते त्यांना सरकारशी बोलण्यात रस नव्हता.

'समाधान' की 'वाजवी संशय'?

या स्थानबद्धांमधल्या मुंबई इलाख्यातल्या केशव तळपदे यांचे प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेले. एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी निकाल दिला, तो एका शब्दाच्या अंतरावर. भारत संरक्षण कायद्याने ज्यांच्याबद्दल वाजवी संशय आहे अशांना डांबण्याचे नियम करायला परवानगी दिली होती. सरकारने केलेल्या सव्विसाव्या नियमात मात्र संशयाच्या वाजवीपणाचा पत्ता नव्हता, सरकारचे 'समाधान' झाले की पुरे होते. वाजवी संशयाला कारण दाखवावे लागते, समाधान हे ज्याचे त्याच्यापाशी. कोर्टाने सव्विसावा नियम कायद्याबाहेरचा ठरवला. याचा सरळ अर्थ, त्या नियमाखाली डांबलेली हजारो माणसे बेकायदा आत होती.

त्यांना सोडण्यात आले नाही. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि तो नियम पूर्वलक्षी प्रभावाने वैध झाला. बंगालमधल्या शिवनाथ बॅनर्जी प्रकरणात तर हे 'समाधान' कसे होत असे तेही उघडकीस आले. पोलिसांची शिफारस आली की स्थानबद्धतेचा हुकूम काढायचा, अशी पद्धतच गृहखात्याने घालून दिली होती. कागद कुणी वाचतही नव्हते. ज्याच्या समाधानावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून, तो समाधानी व्हायलासुद्धा हजर नव्हता.

कैदी राज्यकर्ते झाले

इथे ही गोष्ट संपली असती तर आपण तिला परकीय राज्याची गोष्ट म्हणून कपाटात ठेवली असती. पण घटना लिहायला बसलेल्या सभेत अहमदनगरच्या किल्ल्यातली आणि देशभरच्या तुरुंगांतली माणसे होती, आणि त्यांनीच स्थानबद्धतेला घटनेत जागा दिली. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी जो अनुच्छेद मांडला तो आजचा बाविसावा. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात जे कमी पडले त्याची भरपाई, असे त्यांनी त्याचे वर्णन केले होते. अटकेची कारणे सांगा, वकील द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा, हे त्यात आले. पण प्रतिबंधक स्थानबद्धांना यांतले वकील आणि मॅजिस्ट्रेट वगळण्यात आले, आणि सल्लागार मंडळाकडे न जाता तीन महिन्यांपर्यंत कैदेत ठेवण्याची मुभा राहिली.

प्रजासत्ताकाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा २५ फेब्रुवारी १९५० रोजी संसदेने एका दिवसात प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. तो मांडणारे गृहमंत्री होते वल्लभभाई पटेल, अहमदनगरच्या किल्ल्यातले कैदी. हे विधेयक आणताना आपल्याला झोप लागली नव्हती, असे त्यांनी सभागृहात सांगितले. त्या अस्वस्थतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कायदा मंजूर झाला, आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन. १५ ऑगस्ट १९४७ रोजीसुद्धा ते तुरुंगातच होते. मे १९५० मध्ये न्यायालयाने एक कलम वगळता कायदा उचलून धरला. एका वर्षापुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढी घेत १९६९ च्या अखेरपर्यंत जगला. दीड वर्षात त्याच्या जागी 'मिसा' हा अंतर्गत सुरक्षा कायदा आला.

२५ जून १९७५ च्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशांनी २९ जूनपासून सत्याग्रहाची हाक दिली. २९ तारीख यायच्या आत, त्याच रात्री आणीबाणी लागू झाली आणि त्यांना गांधी शांती प्रतिष्ठानमधून उचलण्यात आले. मोरारजी देसाई त्याच रात्री अटकेत गेले. १९४२ सालीही ते तुरुंगात गेले होते. पद्धत तीच: सभा संध्याकाळी, अटक पहाटेपूर्वी, लढ्याची तारीख अजून पुढे. मिसाखाली सुमारे पस्तीस हजार लोक स्थानबद्ध झाले. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हेबिअस कॉर्पसचे दारही बंद केले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले.

आणीबाणी हा अपवाद म्हणावा, तर रोजचे काय? फौजदारी प्रक्रिया संहितेतले १५१ वे कलम १८९८ पासून चालत आले आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक १७० आहे. दखलपात्र गुन्ह्याचा बेत कळला, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. त्या कलमात एक अट आहे: गुन्हा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने टाळता येणार नाही असे दिसले पाहिजे. आपल्याकडे मंत्र्याचा दौरा जाहीर झाला की गावातल्या कार्यकर्त्याला आदल्या दिवशी नोटीस येते, आणि दौऱ्याच्या सकाळी तो ठाण्यात चहा पीत बसलेला असतो. मंत्री गेले की त्याला सोडतात. वर्तमानपत्रात 'पूर्वखबरदारी म्हणून ताब्यात' अशी ओळ येते. कुणी कोर्टात जात नाही, कारण जाईपर्यंत सुटका झालेली असते. काळा झेंडा दाखवणे हा कुठला दखलपात्र गुन्हा, हे विचारायचेही राहून जाते.

पूर्वअटकेचा अधिकार सरकारला कधीच नसावा, असे म्हणता येणार नाही. कोणी बॉम्ब घेऊन निघाला असेल तर तो फुटण्याची वाट पाहणारा पोलीस मूर्ख ठरेल. पण तिथे एक ठरावीक माणूस असतो, एक ठरावीक कृत्य असते आणि हातात पुरावा असतो. जाहीर सभेत, तारीख सांगून, सरकारशी आधी बोलतो म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत यांतले काहीच नसते. तिथे अटक होते ती त्याच्या मताला आणि त्याच्यामागच्या लोकांना घाबरून. नातू बंधूंपासून जयप्रकाशांपर्यंतच्या अटका या दुसऱ्या जातीच्या होत्या. त्यांतल्या एकीनेही कटाचा पुरावा पुढे आणला नाही. १९३२ च्या अटकेने काही वर्षांची शांतता मिळवून दिली, पण तिची किंमत १९४२ ने वसूल केली. १९७५ च्या अटकांची किंमत १९७७ च्या मतपेट्यांतून वसूल झाली.

आणीबाणीनंतर मोरारजी पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती आणली. तिच्या तिसऱ्या कलमाने बाविसाव्या अनुच्छेदातली तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणली आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे असे ठरवले. संसदेने दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती मिळाली. २० जून १९७९ रोजी दुरुस्तीचा बहुतेक भाग अमलात आला. तिसऱ्या कलमाला मात्र सरकारने पुढची तारीख द्यायची होती. तेव्हापासून दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारे आली आणि गेली. त्यांतल्या बऱ्याच मंत्र्यांनी स्वतः स्थानबद्धता भोगली होती. त्या कलमाच्या अंमलबजावणीची तारीख आजवर कुणीही जाहीर केलेली नाही.